मॅसॅच्युसेट्सचं एथिक्स कमिशन आणि माझ्या दिराच्या घराशेजारचा अर्ज

गौरी_म

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या टाउनमध्ये राहते. यंदा आमच्या सिलेक्ट बोर्डाने (टाउनचा कारभार चालवणारं निवडून आलेलं मंडळ) मला झोनिंग बोर्ड ऑफ अपील्सवर नेमलं. काम बिनपगारी. संध्याकाळी टाउन हॉलमध्ये बसायचं आणि अर्ज ऐकायचे: कुणाला गॅरेज वाढवायचंय, कुणाला कुंपणापासून सोडायची जागा कमी करून हवीय. नेमणूक झाल्याझाल्या टाउन क्लार्कने हितसंबंधांच्या कायद्याचा (सार्वजनिक कामात स्वतःचा किंवा घरच्यांचा फायदा आड येऊ नये म्हणून असलेला) सारांश हातात दिला, पोच म्हणून सही घेतली आणि राज्याच्या एथिक्स कमिशनचं ऑनलाइन ट्रेनिंग तीस दिवसांच्या आत पूर्ण करायला सांगितलं. दर दोन वर्षांनी ते पुन्हा करायचं.

ट्रेनिंग मन लावून केलं आणि मला ही व्यवस्था फार आवडली. पगार घेणारा आणि न घेणारा, दोघांना एकच कायदा. पण लगेचच एक पेच समोर आलाय. पुढच्या महिन्यात एका रेस्टॉरंटचा अर्ज येतोय, मागच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडायची परवानगी हवीय. त्या जागेला लागून माझ्या दिराचं घर आहे. दीर म्हणतो, मला काही फरक पडत नाही. बोर्डावरचे एक जुने सदस्य म्हणाले, "तुझं स्वतःचं घर थोडंच आहे? बस निवांत."

माझे दोन प्रश्न. एक, मी या अर्जावर बसू का? दोन, हे कमिशन नेमतं कोण, चालतं कसं? ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांनीच नेमलेलं असेल तर ते कितपत स्वतंत्र राहणार? इथे अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांतले लोक आहेत, भारतात सरकारी नोकरी केलेलेही आहेत. सविस्तर लिहा, प्लीज.

रेवा

वाचतेय. आमच्या शाळेच्या पालक मंडळातही हा विषय निघाला होता, त्याबद्दल नंतर लिहीन.

वसंत_द

गौरी, मी याच राज्यातल्या दुसऱ्या एका टाउनच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. आधी रचना सांगतो, मग दिराकडे येऊ.

कमिशनवर पाच सदस्य. मुदत पाच वर्षांची, पण सगळ्यांची एकदम संपत नाही. तिघांना गव्हर्नर नेमतो, एकाला सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थ (म्हणजे राज्याचा सचिव), एकाला अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील). शेवटचे दोघेही थेट लोकांनी निवडून दिलेले असतात, त्यामुळे ते गव्हर्नरच्या हाताखालचे नाहीत. गव्हर्नरने नेमलेल्या तिघांत एका पक्षाचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि पाचांत मिळून तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. पूर्ण मुदत एकदाच मिळते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच. पुन्हा नेमणुकीची आशाच नसली की नेमणाऱ्याला खूश ठेवायचं कारण उरत नाही. शिवाय सदस्य असताना आणि नंतर एक वर्ष दुसरं सार्वजनिक पद घेता येत नाही. पक्षात पद घेता येत नाही. कुणाच्या प्रचाराला देणगीसुद्धा देता येत नाही.

हे पाचजण रोज ऑफिसात बसत नाहीत. रोजचं काम एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर आणि पगारी माणसं करतात. सल्ला देणारे वकील वेगळे, तक्रारींची चौकशी करणारे वेगळे. ट्रेनिंग आणि बड्या पदांवरच्या लोकांची वार्षिक आर्थिक विवरणपत्रं हे आणखी वेगळं काम. एकूण ३५१ शहरं-टाउनं, सगळ्या काउंट्या आणि राज्य सरकार, इथे काम करणारा प्रत्येकजण त्यांच्या कक्षेत येतो.

आता दीर. कायद्यात जवळचं कुटुंब म्हणजे तू, तुझा नवरा, आणि तुम्हा दोघांचेही आईवडील, मुलं, भाऊ, बहिणी. दीर तुझ्या नवऱ्याचा भाऊ, म्हणजे तो आत आला. आणि अर्जाच्या जागेला लागून ज्याचं घर आहे, त्याचा आर्थिक हितसंबंध आहेच असं कमिशन धरून चालतं. तसा तो नाही हे दाखवायचं ओझं तुझ्यावर. तेव्हा या अर्जावर बसू नकोस.

जाईजुई

म्हणजे सासू, सासरे, दीर, नणंद सगळे आत, आणि जाऊबाई बाहेर? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठल्यातरी कायद्याने जावेला मोकळं सोडलं. :)

वसंत_द

जाईजुई, हो, शब्दशः वाचलं तर जाऊ बाहेर, स्वतःच्या भावाची बायकोही बाहेर. चुलत, मामे, आते, मावस भावंडंही बाहेर. पण त्यामुळे सगळं माफ होत नाही. आणखी एक कलम आहे: बाहेरच्या शहाण्या माणसाला बघून वाटेल की ही बाई नात्याकडे झुकेल, तर आधी लेखी जाहीर करायचं. नेमलेल्या माणसाने नेमणाऱ्याकडे द्यायचं, निवडून आलेल्याने टाउन क्लार्ककडे. ते कागद कुणीही मागून वाचू शकतं. ते दिलं की मामेभावाच्या अर्जावर बसता येतं, अर्थात मन स्वच्छ असेल तर. आपल्याकडे मामेभाऊ सख्ख्याहून सख्खा असतो, हे त्या कायद्याला कुठून कळणार, म्हणून मी तर म्हणेन तिथेही उठावंच.

गौरी_म

वसंतकाका, मनापासून आभार. पण दीर खरंच म्हणतोय की त्याला फायदाही नाही आणि तोटाही नाही. आणि असलाच तर किरकोळ असेल ना?

वसंत_द

किती रकमेचा हे कायदा बघत नाही. फायदा आहे की तोटा हेही बघत नाही. घराची किंमत वाढली काय किंवा रात्रीच्या गोंगाटाने उतरली काय, दोन्ही आर्थिकच. तू नेमलेली सदस्य आहेस, निवडून आलेली नाहीस, म्हणून तुला एक दार उघडं आहे: सिलेक्ट बोर्डाला सगळी हकीकत लेखी कळवायची आणि "हा संबंध इतका मोठा नाही की तुमच्या कामावर परिणाम व्हावा" असं त्यांच्याकडून आधी लेखी घ्यायचं. बैठक होऊन गेल्यावर घेतलेलं चालत नाही. निवडून आलेल्यांना हे दारच नाही.

पण उठणंच सरळ. नाव पुकारलं की सांगायचं, मी यात भाग घेत नाही, आणि खोलीबाहेर जायचं. टेबलाशी बसून गप्प राहणं टाळ. आणि दिराच्या वतीने बोलायलाही उभी राहू नकोस, ती वेगळी बंदी आहे.

आडगावकर

सगळं वाचून छान वाटतं. पण मला सांगा, बिनपगारी बाईने दिराच्या शेजारच्या चार टेबलांसाठी खोलीबाहेर जायचं, आणि त्याच राज्यात विधानसभेचे सलग तीन स्पीकर गुन्हेगार ठरले. फ्लॅहर्टी करचुकवेगिरीत, फिनरन न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल, आणि डिमासी सॉफ्टवेअरच्या कंत्राटात पैसे खाल्ल्याबद्दल. डिमासींना २०११ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, तीही फेडरल कोर्टात, फेडरल सरकारी वकिलांनी केलेल्या खटल्यात. मग एथिक्स कमिशन करत काय होतं? लहान मासे जाळ्यात आणि मोठे मोकाट, हे आपल्याकडेही आहेच.

अनिकेत२१

+१ आडगावकर. पाच हजार डॉलर दंड झाला, बातमी आली, संपलं. टाउनच्या रस्ते खात्यातला माणूस सापडतो, बाकीचे नाही.

वसंत_द

आडगावकर, प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

हितसंबंधांचा कायदा या राज्यात १९६२ चा. पण तेव्हा तो फक्त फौजदारी होता. अॅटर्नी जनरल किंवा जिल्हा वकिलाने खटला भरला तरच काही होणार. आता मला सांगा, कुणी आपल्या मेव्हण्याला टाउनचं रंगकाम दिलं, तर कुठला सरकारी वकील त्याला तुरुंगात पाठवायला निघेल? म्हणून कायदा कपाटात पडून. मग सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या सरकारी विद्यापीठाच्या इमारतींवर देखरेख करणाऱ्या कंपनीकडून पैसे उकळल्याबद्दल १९७७ मध्ये राज्याचे दोन सिनेटर दोषी ठरले, लोक चिडले, आणि १९७८ मध्ये हे कमिशन आलं. त्याचं खास काम दिवाणी बाजूचं, म्हणजे तुरुंग नाही, दंड आणि जाहीर निर्णय. नुसती चूक आणि लाचखोरी यांच्या मधली जी प्रचंड मोठी जागा होती, तिथे आधी कुणीच उभं नव्हतं.

डिमासींच्या भानगडीचाही परिणाम झाला. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि त्याच वर्षी सुधारणा कायदा आला. गौरी जे सक्तीचं ट्रेनिंग करतेय ते त्यातलंच. दंडाची कमाल मर्यादा दर उल्लंघनाला दहा हजार डॉलर झाली, लाचेच्या प्रकरणात पंचवीस हजार.

आडगावकर

वसंतराव, इतिहास पटला. तरी माझा मुद्दा राहतोच. मोठ्या माणसाकडे वकील असतो, तो वर्षानुवर्षं भांडतो. टाउनच्या माणसाला वकील परवडत नाही, म्हणून तो तडजोडीवर सही करतो.

वसंत_द

हे मात्र खरं आहे आणि मला ते खुपतं. बरीच प्रकरणं तडजोडीच्या करारानेच मिटतात. माणूस चूक कबूल करतो, दंड भरतो, करार कमिशनच्या वेबसाइटवर लागतो. छोट्या गावात ते नाव आयुष्यभर चिकटतं. अर्थात प्रत्येक तक्रार तिथपर्यंत जात नाही. बऱ्याच जणांना फक्त समजुतीचं खाजगी पत्र जातं, कुणाला कळतही नाही.

शब्दवेडा

तक्रार केल्यापासून दंडापर्यंतचा रस्ता कुणीतरी नीट सांगा ना. माझ्या डोक्यात अजून पोलीस स्टेशनच आहे.

सायली_वकील

मी सांगते, माझ्या कामाचा थोडा भाग हाच असतो.

तक्रार फोनवर, पत्राने, ऑनलाइन, निनावीसुद्धा करता येते. आधी चौकशी विभागाची माणसं बघतात की यात आपल्या कायद्याचं काही आहे का. बऱ्याच तक्रारी इथेच गळतात, कारण लोक रागाने लिहितात. "बोर्डाने दार बंद करून बैठक घेतली" ही तक्रार अॅटर्नी जनरलकडची, "प्रचाराच्या पैशाचा हिशेब दिला नाही" ही निवडणूक खर्चाच्या वेगळ्या कार्यालयाची. दम असेल तर पाच सदस्यांसमोर जाते आणि त्यांनी मत दिलं तर प्राथमिक चौकशी सुरू होते. आता समन्स काढता येतात, शपथेवर जबाब घेता येतात. हे सगळं गुप्त. वर्तमानपत्राने विचारलं तरी चौकशी चालू आहे की नाही हेसुद्धा सांगत नाहीत.

चौकशीनंतर पुन्हा सदस्यांसमोर. उल्लंघन झाल्याचं मानायला पुरेसं कारण आहे असं बहुमताने ठरलं, तर एकतर तडजोड, नाहीतर जाहीर सुनावणी. सुनावणी एक सदस्य चालवतो, साक्षीदार येतात, उलटतपासणी होते, आणि अंतिम निर्णय कमिशन देतं. त्यावर सुपिरियर कोर्टात जाता येतं.

गुप्ततेवर लोक टीका करतात, पण मी तिच्या बाजूने आहे. निवडणुकीच्या दोन आठवडे आधी विरोधकाने तक्रार टाकायची आणि "चौकशी सुरू" असा मथळा मिळवायचा, हा खेळ तिच्यामुळे चालत नाही.

निखिल_आल्बनी

गौरीताईंचा दुसरा प्रश्न, नेमतं कोण, याचं उत्तर हवं असेल तर न्यूयॉर्क बघा. आमच्याकडे २०११ मध्ये जेकोप नावाचं कमिशन आलं. चौदा सदस्य: सहा गव्हर्नरचे, आठ विधिमंडळाच्या नेत्यांचे. आणि मतांचे नियम असे की काही प्रकरणांत मोजके सदस्य आडवे आले तरी चौकशी थांबायची. लोकांचा विश्वास कधी बसलाच नाही.

मग गव्हर्नर कुओमोंच्या पुस्तकाचं प्रकरण. कोविडच्या काळात त्यांनी पुस्तक लिहिलं, पन्नास लाख डॉलरहून जास्त मिळाले. जुलै २०२० मध्ये कमिशनच्या कर्मचाऱ्यांनीच परवानगी दिली होती, ती सदस्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये काढून घेतली, कारण सरकारी यंत्रणा आणि कर्मचारी वापरणार नाही असं सांगून ती घेतली होती आणि ते पाळलं नाही असा आरोप होता.

२०२२ मध्ये जेकोप बरखास्त झालं, नवं कमिशन आलं. अकरा सदस्य: तीन गव्हर्नरचे, सहा विधिमंडळाच्या चार नेत्यांचे, एक अॅटर्नी जनरलचा, एक कंट्रोलरचा. पण यांनी नुसती नावं सुचवायची. राज्यातल्या लॉ स्कूलच्या डीनची समिती ती नावं तपासते आणि मगच माणूस बसतो. कुओमोंनी यालाच आव्हान दिलं, की गव्हर्नरच्या ताब्याबाहेरच्या मंडळाला अंमलबजावणीचे अधिकार देणं घटनेत बसत नाही. खालची दोन्ही कोर्टं त्यांच्या बाजूने गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी कमिशन वैध ठरवलं. एका मताने वाचलं! तेव्हा ताई, नेमणुकीचं कलम नीरस वाटतं, पण सगळी लढाई तिथेच असते.

टेक्सासचा_तात्या

आमच्याकडे १९९१ च्या घटनादुरुस्तीने आलेलं कमिशन. आठ सदस्य, दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे. चार गव्हर्नर नेमतो, दोन लेफ्टनंट गव्हर्नर, दोन स्पीकर, तेही त्या त्या पक्षाच्या आमदारांनी दिलेल्या यादीतून. कुणी तक्रार केलेली नसताना स्वतःहून प्रकरण हातात घ्यायचं तर आठपैकी सहा मतं लागतात, म्हणजे समोरच्या पक्षाचे निदान दोघे तरी पटले पाहिजेत. आकसाने कुणाला धरता येत नाही, हे चांगलं. पण दोन्ही पक्षांना नकोसं असलेलं प्रकरण उठतही नाही. मुख्य काम प्रचाराच्या पैशाचे अहवाल आणि लॉबिस्ट यांचंच.

शब्दवेडा

अवांतर: अशा कमिशनांची सुरुवात हवाईने केली, १९६८ मध्ये. नाही, मी हवाईत राहत नाही, राहायची इच्छा मात्र आहे.

रेवा

आता आमच्या शाळेची गोष्ट. आम्हीही मॅसॅच्युसेट्समध्येच. दिवाळीत मुलीच्या वर्गशिक्षिकेला फराळाचा डबा द्यायची आमच्या घरची पद्धत. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू, सगळं घरी केलेलं. गेल्या वर्षी एका नव्या पालकांनी डब्यासोबत चांदीची समई दिली. शिक्षिका रडवेली झाली, कारण तिला ती परत करायची होती आणि आपण कुणाचं मन दुखावतोय असं तिला वाटत होतं. त्यांना सणाचा आहेर परत येणं म्हणजे अपमान वाटला. शेवटी मी मध्ये पडून समजावलं. नियम नेमका काय, कुणी सांगेल का? यंदा पालक मंडळात मांडायचाय.

सायली_वकील

रेवा, सरकारी शाळेतले शिक्षक टाउनचे कर्मचारीच धरले जातात. पदामुळे मिळणारी पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. पन्नासच्या आतली चालते, पण त्यामुळे पक्षपाताचा संशय येण्यासारखा असेल तर शिक्षकाने लेखी जाहीर करायचं. घरी केलेला खाऊ, अंगणातली फुलं, हाताने केलेल्या दहा डॉलरपर्यंतच्या वस्तू, यांना ते जाहीर करणंही लागत नाही. तुमच्या चकल्या सुखरूप आहेत.

वर्गाने मिळून द्यायचं असेल तर वर्षाला दीडशे डॉलरपर्यंत चालतं. अट एकच: भेट "वर्गाकडून" असली पाहिजे, कुणी किती दिले हे शिक्षकाला कळता कामा नये. मला हा नियम फार समंजस वाटतो. ज्यांना पाच डॉलर द्यायलाही जड जातं त्यांच्या मुलाकडे शिक्षिका वेगळ्या नजरेने बघणार नाही, याची काळजी त्यात आहे.

रेवा

ही दीडशेची गोष्ट ठाऊकच नव्हती. पालक मंडळात हेच मांडते. त्या नव्या पालकांनाही बरं वाटेल, वर्गाच्या भेटीत त्यांना सामील करून घेता येईल.

जाईजुई

शिक्षिकेच्या डब्यातल्या चकल्या आमच्याकडे वळवल्या तर आम्ही काहीही जाहीर करणार नाही.

नागपूरकर_काका

धागा मनापासून वाचला. मी महाराष्ट्र शासनात नोकरी केली, आता निवृत्त. आपल्याकडे काय आहे ते लिहितो, कारण "आपल्याकडे काहीच नाही" हेही बरोबर नाही.

कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात भेटी, मालमत्तेचं विवरण, नातेवाइकांशी संबंधित कामं, सगळं आहे. लोकायुक्तांचा कायदा १९७१ चा, तो २५ ऑक्टोबर १९७२ पासून लागू झाला आणि ही संस्था प्रत्यक्ष उभी करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. नेमणूक राज्यपाल करतात, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि विरोधी पक्षनेते यांच्याशी सल्लामसलत करून. कागदावर ही नेमणूक वर सांगितलेल्या कुठल्याही राज्यापेक्षा कमी नाही. पण त्या कायद्यात लोकायुक्त शिफारस करतात, दंड करत नाहीत. मुख्यमंत्री त्याच्या कक्षेत नव्हतेच. नवा कायदा विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. त्यात मुख्यमंत्री आले, पण चौकशीला विधानसभेची दोन तृतीयांश मंजुरी लागते.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गौरीने आधी विचारलं. आपल्याकडे विचारायचं कुणाला? मी नोकरीत असताना असा पेच आला की आम्ही वरिष्ठांना तोंडी विचारायचो. ते म्हणायचे, बघा तुमचं तुम्ही. लेखी विचारलं तर फाइल फिरत राहायची आणि विचारणाराच संशयित ठरायचा. चांगली माणसंसुद्धा मग न विचारता पुढे जायची. आपल्याकडे पकडायला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, तक्रार ऐकायला लोकायुक्त आहेत. आधी सल्ला देणारं, आणि त्या सल्ल्याला बांधील राहणारं, कुणीच नाही.

मांडवीकाठी

काका, गोव्याचं लिहितो. आमचे लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा २०२० मध्ये निवृत्त होताना जाहीरपणे बोलले, की त्यांनी सरकारला दिलेल्या एकवीस अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही. आणि त्यानंतर काही महिन्यांत, २०२१ च्या सुरुवातीला, विधानसभेने कायदाच दुरुस्त करून लोकायुक्तांचे अधिकार कमी केले. ज्या कलमामुळे दोषी पदाधिकाऱ्याला पद सोडायला लावता येत होतं, तेच काढलं. आम्हाला फार लागलं ते. न्यूयॉर्कचं कमिशन निदान कोर्टात एका मताने वाचलं.

आडगावकर

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. मासे पकडण्याबद्दलचं माझं मत कायम आहे, पण विचारायची सोय हा मुद्दा मी धरला नव्हता. इथे ती नक्की कशी आहे, कुणी सांगेल का?

गौरी_म

मीच सांगते, काल फोन केला होता.

कमिशनमध्ये कामाच्या दिवशी एक वकील फक्त फोनवर सल्ला द्यायला बसलेला असतो. पैसे लागत नाहीत, बोलणं गुप्त राहतं. काल फोनवर होत्या त्या वकील बाईंनी पहिल्यांदा विचारलं, हे तुमच्या स्वतःच्या पुढच्या वागण्याबद्दल आहे ना? कारण होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल किंवा दुसऱ्या कुणाबद्दल ते सल्ला देत नाहीत, तो चौकशी विभागाचा रस्ता. मग विचारलं, दिराचं घर हद्दीला हद्द लागून आहे का, घर कुणाच्या नावावर आहे, तुमच्या मिस्टरांचा त्यात हिस्सा आहे का. या शेवटच्या प्रश्नाने मी चमकलेच. घर घेताना आम्ही डाउन पेमेंटला हातभार लावला होता. त्यांनी विचारलं, कर्ज की भेट? कर्ज असतं तर माझा स्वतःचाच हितसंबंध झाला असता.

उत्तर वसंतकाकांनी सांगितलं तेच. बसायचं नाही. सिलेक्ट बोर्डाच्या लेखी परवानगीचा मार्गही त्यांनी सांगितला, पण मी तो घेत नाहीये. हवं असेल तर हेच लेखी मागवता येतं, आणि खुद्द कमिशनने दिलेलं औपचारिक मत असेल तर ते नंतर त्यांच्यावरच बंधनकारक राहतं, अट एवढीच की आपण हकीकत पूर्ण आणि खरी सांगितलेली हवी. बोर्डावरच्या जुन्या सदस्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, इतकी वर्षं झाली, मी कधी फोन केला नाही.

सायली_वकील

गौरी, छान केलंस. एक व्यवहाराची गोष्ट: तुमचं बोर्ड पाच जणांचं असेल तर विशेष परवानगीला चार मतं लागतात. तू उठलीस की अर्जदाराला उरलेल्या चारही जणांची मतं मिळवावी लागतील. अध्यक्षांना आत्ताच कळव, म्हणजे पर्यायी सदस्याला बसवता येईल. बैठकीच्या दिवशी कळवलंस तर रेस्टॉरंटवाल्यावर अन्याय होईल.

गौरी_म

हे लक्षातच आलं नव्हतं. आजच ईमेल करते.

कोकणकन्या

उशिरा येतेय, पण मला खरंच मदत हवीय. माझा भाऊ रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. त्याचा आणि एका मित्राचा भागीदारीत जेसीबी आहे. पंचायतीच्या पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) काम निघालंय, मित्र म्हणतो मी माझ्या एकट्याच्या नावाने घेतो, तू लांब राहा. भाऊ सरळ आहे, त्याला चुकीचं काही करायचं नाही. हे चालतं का?

नागपूरकर_काका

नाही चालत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. जेसीबी दोघांचा, भाड्यातला वाटा भावाला येणार, मग बिल कुणाच्या नावाने फाडलं याने काही होत नाही. कुणीही अर्ज केला की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातं, आणि अशी कितीतरी पदं गेलेली आहेत.

कोकणकन्या

काका, ग्रामसेवक म्हणाले की काही होत नाही, सगळीकडे असंच चालतं. त्यांनी तसं लिहून दिलं तर?

नागपूरकर_काका

ते लिहून देणार नाहीत, आणि दिलं तरी जिल्हाधिकाऱ्यांवर ते बंधनकारक नाही. गौरीला जो फोन करता आला तो तुझ्या भावाला करता येत नाही, म्हणून त्याने जास्त जपायला हवं. दोनच मार्ग. मित्राने या कामाला हातच लावू नये, किंवा भावाने निविदा निघायच्या आधी भागीदारी रीतसर मोडावी, नोंदणीकृत कागद करून, हिशेब चुकता करून. बैठकीत हा विषय येईल तेव्हा बाहेर जावं आणि तसं इतिवृत्तात नोंदवून घ्यावं. इतिवृत्ताची प्रत स्वतःजवळ ठेवायला सांग.

कोकणकन्या

मित्राशी बोलला तो. काम दुसऱ्याला जाऊ दे म्हणाला. पाखाडी पावसाआधी झाली म्हणजे पुरे.